खेळाडूचे ऋण

एखादा नामांकित खेळाडू खेळण्याचे दिवस सरल्यावर, ज्या महाविद्यालयाच्या मैदानावर तो घडला तिथेच मुलांना शिकवावयास परत आला, की त्याच्या सत्काराच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘यांनी संस्थेचे ऋण फेडले.’ हार घालणारा ते म्हणतो, आभार मानणारा तेच म्हणतो, आणि सत्कारमूर्तीही ‘ते तर माझे कर्तव्यच होते’ असे म्हणून मोकळी होते. त्या शब्दाकडे वळून मात्र कोणी पाहत नाही. ऋण म्हटले की देणारा आला, घेणारा आला, रक्कम आली, मुदत आली. खेळाडूच्या बाबतीत यांपैकी नेमके काय असते? महाविद्यालयाने त्याला काय दिले होते, आणि तो परत आला म्हणजे कोणाला काय परत मिळाले? शिवाय, आणि हा भाग मला अधिक टोचतो, जो परत आला नाही तो बुडव्या ठरतो काय?

लखनौत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. हजरतगंजाकडून परिवर्तन चौकाच्या दिशेने गेले की एक जुने क्रीडांगण लागते. त्याला के. डी. सिंग बाबू यांचे नाव आहे. कुंवर दिग्विजय सिंग हे शेजारच्या बाराबंकीचे; सारा मुलूख त्यांना नुसते ‘बाबू’ म्हणे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे उपकर्णधार होते आणि १९५२ साली हेलसिंकीला कर्णधार. दोन्ही वेळा सुवर्णपदक. एवढे झाल्यावर माणसाने घरी बसून आठवणी सांगितल्या असत्या तरी लोकांनी त्या आवडीने ऐकल्या असत्या. पण बाबू घरी बसले नाहीत. त्यांनी उत्तर प्रदेशाच्या क्रीडा खात्याची धुरा वाहिली, मुलांना हॉकी शिकवली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे ते प्रशिक्षक होते. तो संघ कांस्यपदक घेऊन परतला. १९७८ साली बाबू वारले. त्यांच्यानंतरही या गावातली ती रीत मोडली नाही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये खेळलेले सय्यद अली याच शहरात चंद्रभानु गुप्त मैदानावर गरीब घरच्या पोरांच्या हाती काठी देऊन त्यांना हॉकी शिकवत आले. आणि झांशी तर काय, ध्यानचंदांचे गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनीही पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकवण्याचेच काम केले. त्याच झांशीचा तुषार खांडकर २०१२ चे लंडन ऑलिंपिक खेळला आणि पुढे देशाच्या कनिष्ठ महिला हॉकी संघाचा प्रशिक्षक झाला. त्याचे आडनाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्र जरा जवळ धरले असेल!

बाबूंचा संघ हेलसिंकीला सुवर्णपदक जिंकत होता, त्याच जुलै महिन्यात, त्याच गावी, आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान गादीवर उभा होता. खाशाबा जाधवांची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरी तिच्यातला एक तपशील माझ्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो, म्हणून ती पुन्हा सांगतो. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली ते लंडनला गेले होते आणि सहावे आले होते. चार वर्षांनी पुन्हा जावयाचे तर पैसे नव्हते. दारोदार वर्गणी झाली, कऱ्हाडच्या लोकांनी यथाशक्ति दिले, तरीही खड्डा भरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. खाशाबा हेलसिंकीला गेले व कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीची धूळ खाली बसल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या जिंकल्या, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

आता विचार करा. घर सुटले, कागद फाटला. खाशाबा व खर्डेकर यांच्यामधला व्यवहार तिथे संपला काय? हिशेबाच्या वहीत संपला. पण त्या दोघांपैकी एकालाही तो संपला असे वाटले असेल, हे मला खरे वाटत नाही. एका शिक्षकाने आपल्या बायकामुलांच्या डोक्यावरचे छप्पर एका विद्यार्थ्याच्या मनगटाच्या भरवशावर पणाला लावले. हे ७,००० रुपयांत बसत नाही आणि म्हणून ७,००० रुपयांनी फिटतही नाही. आपल्या भाषेत याकरता दोन निरनिराळे शब्द आहेत हे आपले भाग्य. एक कर्ज आणि दुसरे ऋण. कर्जाला पावती असते. आम्हां कारकुनांना याचा अनुभव दर बदलीला येतो : ग्रंथालय, भांडार, पतपेढी, क्वार्टरचे वीजबिल, असे एकेका मेजावरून ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या गोळा करीत फिरावयाचे, शेवटची सही झाली की त्या गावाचे आपण काही लागत नाही असे सरकार मानते. सरकार मानते तेवढे आपण मानत नाही, ही गोष्ट निराळी. ऋणाला असा कागद नसतो. खाशाबांनी कर्ज फेडले हे निश्चित सांगता येते. ऋणाचे काय झाले, हे विचारावयाचे कोणाला?

वैदिक वाङ्मयात माणूस जन्माला येतो तोच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले आहे : देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. यांतले पितृऋण व ऋषिऋण फेडण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. बापाचे ऋण बापाला परत करावयाचे नसते. ते मुलाला द्यावयाचे असते. ऋषींकडून आलेली विद्या ऋषींना परत नेऊन द्यावयाची नसते. ती आपण शिकावयाची आणि पुढच्याला शिकवावयाची. म्हणजे सावकार एक आणि वसुलीला येणारा भलताच! कोणत्याही दिवाणी न्यायालयात हा व्यवहार टिकणार नाही. पण माणसाची जात जी काही पुढे आली ती याच न टिकणाऱ्या व्यवहारावर आली. हे मान्य केले तर खेळाडूचे ऋण संस्थेचे नसून पुढच्या पोराचे आहे असे म्हणावे लागेल. आणि मग ते पोर त्याच महाविद्यालयाचे असले काय, नि दुसऱ्या कुठले असले काय, फरक पडू नये. खाशाबा १९५५ साली पोलिसात गेले, तिथे खेळाचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. ज्या शिपाईगड्याला त्यांनी एक पकड शिकवली असेल त्याच्यापाशी राजाराम महाविद्यालयाच्या ऋणाचा एक हप्ता जमा झाला, असे या हिशेबाने ठरते.

हिशेब बिनचूक आहे. तरी तो माझ्या मनाला पुरता पटत नाही, आणि का पटत नाही हे शोधताना मला तालीम आठवते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत ‘माजी खेळाडू परत आला’ असे कोणी म्हणत नाही, कारण तिथून कोणी गेलेलाच नसतो. अंगातला जोर ओसरला की पैलवान हौदाच्या मधोमध उभा राहण्याऐवजी काठावर उभा राहतो. उद्या वस्ताद होतो. तांबडी माती खणून भुसभुशीत करावयाची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालावयाचे, पोरांच्या जोर-बैठका मोजावयाच्या, कोणाचा पाय दुखावला आहे आणि कोण नुसता अंग चोरतो आहे हे चालीवरून ओळखावयाचे, ही कामे तो न सांगता करू लागतो. तालीम हे घर आहे. घरातला थोरला भाऊ धाकट्याला चालावयास शिकवतो तेव्हा आपण त्याचा सत्कार करीत नाही.

महाविद्यालय म्हणजे धर्मशाळा. तीन वर्षांचा मुक्काम. गाठोडे उचलले की खोली दुसऱ्याची. मैदान तेच राहते, पण दर तीन वर्षांनी त्याची स्मृती पुसली जाते. आमच्या वेळचा एक सामना आम्ही काय शर्थीने ओढून आणला, हे आमच्या मागून चौथ्या वर्षी आलेल्या मुलाला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसते म्हणून तसा सामना ओढून आणता येतो हेही त्याला ठाऊक नसते. कौशल्य पुस्तकातून शिकता येईल, आता तर फोनवरच्या चित्रफितीतूनही शिकता येते. पण ‘याच मैदानावर, या उतरत्या कोपऱ्यात, जिथे श्रावणात पाणी साचते, हा माणूस माझ्यासारखाच तोंडघशी पडत होता आणि तरी पुढे गेला’ ही गोष्ट कोणत्याही चित्रफितीत नाही. परत आलेला खेळाडू मुख्यतः हीच गोष्ट घेऊन येतो. तो साक्षीदार असतो. साक्ष ही जागेवरच द्यावी लागते.

तेव्हा ऋणाचे दोन भाग पाडावे लागतात असे मला दिसते. एक, विद्या : ती कुठेही, कोणालाही देता येते. दुसरा, साक्ष : ती एकाच ठिकाणी देता येते. पहिल्याची फेड दूर राहूनही होते. दुसऱ्याची होत नाही, आणि तिचा बदला पैशांनी देता येत नाही.

इथे कोणी म्हणेल की, मग प्रत्येक जुन्या खेळाडूला दोरी लावून मैदानावर ओढून आणावे. तसे मी म्हणणार नाही, कारण परत येणारे सगळेच काही साक्ष द्यावयास येत नाहीत. काही जण आपले तारुण्य शोधावयास येतात. ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी त्यांचे प्रत्येक वाक्य सुरू होते, आणि ज्या मुलात त्यांना स्वतःचा चेहरा दिसतो त्याच मुलाकडे त्यांचे लक्ष असते. काही जण वतनदारासारखे येतात : आपल्या गावचा, आपल्या आळीचा, आपल्या भावकीचा मुलगा संघात हवा, नाही तर देणगी बंद. अमेरिकेतील विद्यापीठांत हा विकार फार बळावला. तिथे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर भव्य क्रीडागृहे उभी राहतात, कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत मोठा आकडा विद्यापीठाच्या फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो, आणि अशा हितचिंतकांनी खेळाडूंशी संबंध कितपत ठेवावा याचे नियम विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेला करावे लागले. ऋण फेडावयास आलेला माणूस बघता बघता सावकार झाला! आपल्याकडे पैसा कमी म्हणून विकार कमी. स्वभाव निराळा आहे म्हणून नव्हे. शिष्याकडून आपली हार व्हावी अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे जुने वचन आहे. परत आलेल्या खेळाडूची पारख करावयाची तर मी हीच कसोटी लावीन. आपला विक्रम मोडणाऱ्या मुलाचे नाव तो घरी जाऊन बायकोला कोणत्या स्वरात सांगतो, एवढे कळले की पुरे.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. परत येणे ही इच्छेइतकीच ऐपतीची बाब आहे. खेळातून आलेल्या मुलाला रेल्वे, पोलीस, बँका, आमच्यासारखी सरकारी खाती नोकरी देतात, ही मोठीच सोय. ती नसती तर कितीतरी गुणी मुले विशीतच खेळ सोडून दुकानाच्या गल्ल्यावर बसली असती. पण ज्या नोकरीने त्याला पोटापुरते स्थैर्य दिले, तीच त्याला उचलून पाचशे कोस दूर नेऊन ठेवते. ज्यांना नोकरी नाही ते मैदानाजवळ असतात, पण तुटपुंज्या मानधनावर किती वर्षे काढणार? मैदानाजवळ असणे आणि पोट भरणे, हे दोन्ही ज्याला एकदम साधले त्याला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो. त्याच्या कर्तव्यात दैवाचा वाटा केवढा, हे त्याला स्वतःला ठाऊक असावे अशी आशा आहे.

दूर राहून ऋण फेडल्याचे सर्वांत थोर उदाहरण लखनौकर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रोज असते, मात्र ते खेळातले नव्हे. पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली इथे संगीताचे महाविद्यालय निघाले. दोन वर्षांनी त्याची सूत्रे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे आली. मुंबईचा हा तरुण लखनौला आला आणि आयुष्याची उत्तम वर्षे त्याने या शहरात शिकवण्यात घालवली. ते महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे आणि त्याला भातखंड्यांचेच नाव आहे. रातंजनकर परत गेले की दूर आले? गाव परके होते, पण वास्तू गुरूची होती. म्हणजे साक्षीची जागा नकाशावर असतेच असे नाही. गुरूने जिथे काम मांडले ती ती जागा. हे मनात आले की मला क्षणभर सुटल्यासारखे वाटते. लगेच ध्यानात येते की माझ्या गुरूने लखनौत काही मांडले नव्हते.

माझी स्वतःची गोष्ट लहानशी आहे. ती सांगितल्याशिवाय वरील सगळे हवेत राहील म्हणून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाकडून मी खो-खो खेळलो. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आमच्या संघाला बरे नाव होते. आमचे जिमखान्याचे सर हे त्याचे कारण. ते स्वतः त्याच महाविद्यालयाचे जुने खेळाडू. पहाटे साडेपाचला खांबाजवळ उभे असत आणि सराव संपल्यावर ज्याच्या घरी चूल उशिरा पेटते त्याला स्वतःच्या पैशाने केळी खाऊ घालीत. कोणाची चूल उशिरा पेटते हे त्यांना कसे कळे, ते मला अद्याप उलगडलेले नाही. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस आला नाही. आता माझा एक जुना सोबती, जो गावीच शेती पाहतो, संध्याकाळी जमेल तसा मुलांना पळवतो. तो दरवर्षी स्पर्धांच्या आधी मला संदेश पाठवतो. मी बूटांसाठी म्हणून पैसे पाठवतो. यंदा त्याने लिहिले : ‘पैशाचं राहू दे, गड्या. तुला संरक्षणात तीन मिनिटं पळताना सरांनी पाहिलं, मी पाहिलं; या पोरांनी कोणाला पाहिलेलं नाही. दहा दिवस ये.’ वर मी जो साक्षीचा सिद्धांत मोठ्या ऐटीत मांडला, तो मुळात या तीन वाक्यांतला आहे.

इकडे आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक मोकळी जागा आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे दोन खांब रोवले आणि वसाहतीतली पोरे जमवून खो-खो सुरू केला. कोणी शिपायाचा मुलगा, कोणी ड्रायव्हरची मुलगी. भाजीवाल्याची दोन पोरे आहेत, ती सर्वांत चपळ. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि आपल्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, तेव्हापासून या खेळाला इकडेही थोडी प्रतिष्ठा आली. त्याआधी पोरांच्या आया विचारीत, हा खेळ खेळून क्रिकेटसारखे काही होते का? आता आठ जण पाठीला पाठ न लावता, एकाआड एक तोंडे करून नीट बसतात. साखळी कशी पळावी हे तिघा-चौघांना कळले आहे. आणि एका तेरा वर्षांच्या मुलीला सूर मारून गडी टिपण्याचे अंग आहे. ते शिकवून येत नाही. फक्त बिघडवता येते. मी ते बिघडवू नये एवढीच काळजी घेतो. ऋषिऋणाच्या हिशेबाने माझी फेड इथे रोज संध्याकाळी सहा ते सात चालू आहे, हे मी कोणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

पण सोबत्याच्या तीन वाक्यांना ते उत्तर होत नाही. आणि त्याच्या वाक्यांना उत्तर द्यावयाचे तर इथला खेळ दहा दिवस थांबतो, तोही नेमका जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांच्या तोंडावर. एका ऋणाचा हप्ता भरताना दुसऱ्याचा चुकतो. हे नीतिशास्त्रातले कोडे म्हणून मी मंडळातल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांपुढे ठेवले. ते जन्मभर लेखापरीक्षण केलेले गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘अहो, ज्याच्याकडे दुसरा शिकवणारा नाही त्याचे आधी.’’ मी म्हटले, ‘‘दोन्हीकडे नाही.’’ यावर त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

मी दहा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला आहे. पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई, तिथून पुढे सातारा. जाण्यापूर्वी त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे शिटी आणि घड्याळ द्यावयाचे असे ठरवले आहे. नऊ मिनिटांचा डाव तिला बरोबर मोजता येतो. मोठी मुले तिचे ऐकतील की नाही, हे मात्र सांगता येत नाही. अर्ज साहेबांच्या मेजावर आहे.